तिकिटाची वेबसाइट का कोलमडते?



पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव आपल्या भागातील घरांना नवा नाही. सवाई गंधर्व कुंदगोळचे, आणि त्यांच्या स्मरणार्थ १९५३ साली हा महोत्सव सुरू करणारे पंडित भीमसेन जोशी गदगचे. तेथे भारतीय बैठक असते. थोडे सरकून घेतले की आणखी एकजण मावतो. क्रमांक घातलेल्या जागेचे तसे नसते, आणि ती विकणाऱ्या संगणकाला तर सरकून घेणे मुळीच ठाऊक नाही.

२२ सप्टेंबर २०२४ रोजी दुपारी बारा वाजता कोल्डप्ले या इंग्रजी वाद्यवृंदाच्या नवी मुंबईतील कार्यक्रमांची तिकीटविक्री सुरू व्हायची होती. बाराच्या सुमारास बुक माय शोची वेबसाइट आणि ॲप दोन्ही बंद पडली. सुमारे १ कोटी ३० लाख लोक आले होते, असे कंपनीने नंतर सांगितले. डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये सुमारे ५० हजार लोक मावतात. तिसरा दिवस वाढवूनही जागा झाल्या साधारण दीड लाख. आता भागाकार करून पाहा. जवळजवळ ८७ माणसांमागे एक जागा! म्हणजे वेबसाइट उत्तम चालली असती, तरी बहुतेकांना तिकीट मिळणार नव्हतेच. लोक रागावतात यंत्रावर, पण टंचाई जागांची असते. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, असे आम्हाला वाटते.

यंत्राचा दोष मात्र समजून घेण्यासारखा आहे. 'संगणक वाढवले की झाले' असे पुष्कळांना वाटते. कार्यक्रमाचे पान दाखवायला हजार संगणक लावता येतात, कारण पान सर्वांना सारखेच. पण कोणती जागा गेली आणि कोणती शिल्लक, याची वही एकच ठेवावी लागते. दोन वह्या झाल्या तर एकच जागा दोघांना विकली जाईल. एखाद्याने जागा निवडली की पैसे भरेपर्यंत ती काही मिनिटे अडवून ठेवतात, आणि तेवढ्यात लाखो लोक तीच वही मागत असतात. त्यात आपण घाबरून पुन्हा पुन्हा बटण दाबतो. दर वेळी नवी मागणी जाते आणि भार आणखी वाढतो. दहावीच्या निकालादिवशी घरोघरी हेच चालते. तेव्हा पान उघडले नाही म्हणून रडू नये. गुण काही कमी होत नाहीत.

यावर उपाय म्हणजे दवाखान्यातील टोकनसारखी रांग. बाहेर सर्वांना क्रमांक द्यायचा आणि वहीला झेपतील तेवढेच आत सोडायचे. परंतु रांगेत माणसेच उभी असतील असे नाही. अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये टेलर स्विफ्टच्या तिकिटांवेळी टिकेटमास्टरकडे ३५० कोटी मागण्या आल्या, असे त्या कंपनीने सांगितले. त्यांत बॉटचा, म्हणजे माणसाच्या नावाने बटणे दाबणाऱ्या प्रोग्रामचा मोठा वाटा होता. आपल्या तत्काळ तिकिटांचेही तेच. पहिल्या पाच मिनिटांतील लॉगिनपैकी निम्म्यापर्यंत बॉटचे असतात, असे रेल्वेने २०२५ मध्ये सांगितले आणि अडीच कोटी संशयास्पद खाती बंद केली. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधारची पडताळणी सक्तीची झाली. आम्हाला हे पाऊल योग्य वाटते. सामान्य माणसाच्या बोटाने यंत्राशी शर्यत लावावी, हा कसला न्याय?

पालकांना एक विनंती. कोल्डप्लेची काही हजारांची तिकिटे इतरत्र लाखाच्या भावाने दाखवली जात होती, आणि कंपनीला पोलिसांत तक्रार द्यावी लागली. मोबाईलवर आलेले तिकिटाचे चित्र एकाच वेळी दहाजणांना विकता येते. दारावर पहिला येईल तो आत जातो, बाकीचे नऊ बाहेर. मुलांच्या हट्टापायी अनोळखी माणसाला पैसे पाठवू नयेत.

आठवी ते दहावीसाठी उदाहरण : सभागृहात ५०० जागा, रांगेत २,००० जण. एका वेळी २० जणांना आत सोडतात, त्यांना ३ मिनिटे लागतात आणि प्रत्येकजण २ तिकिटे घेतो. सर्व तिकिटे किती मिनिटांत संपतील आणि किती जण तिकिटाविना परततील? उत्तरे रीतीसह सोमवारपर्यंत गणिताच्या शिक्षकांकडे द्यावीत.