गोठ्याची पाण्याची लाईन तुंबली तर



उसाचे बिल हंगामाने येते. घरखर्च चालतो तो दर दहा दिवसांच्या दुधाच्या बिलावर. दुधात शंभर भागांपैकी ८० हून अधिक भाग पाणीच असते. चांगली दुभती गाय दिवसाला ६०-७० लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. लाईन तुंबली की लगेच दूध आटते. तरीही पहार घेऊन पाईप उकरायची घाई करू नये. आधी अडले कुठे ते शोधावे.

लाईन कशाने तुंबते हे पाण्यावर अवलंबून असते. विरारच्या फुलपाड्याला पापडखिंड धरण आहे. तशा डोंगराळ, भरपूर पावसाच्या मुलखात पाण्याबरोबर गाळ आणि पालापाचोळा येतो. आपल्याकडे बोअरचे पाणी जड. पाईपात आतून पांढरा थर धरतो. गाळ धुऊन निघतो, थर निघत नाही.

शोध असा घ्यावा :

१) प्रथम टाकीतले पाणी, जाळी आणि हौदावरचा बॉल कॉक पाहावा. पुष्कळदा तिथेच शेवाळ नाहीतर वैरणीची काडी अडकलेली असते.

२) नंतर लाईन मधोमध, युनियन असेल तिथे, खोलावी. धार जोरात आली तर अडथळा पुढे. नाही आली तर मागे. उरलेल्या भागाचे पुन्हा दोन भाग करावेत. ३२० फूट लाईनमध्ये २० फुटी १६ पाईप असतात. अशा चार तपासण्यांत नेमका पाईप सापडतो.

३) टाकी रिकामी होऊन पुन्हा भरल्यावर धार बारीक झाली असेल, तर उंचवट्यावर हवा कोंडलेली असते. तिथे एक कॉक बसवून हवा सोडावी.

४) गाळ असेल तर दोन्ही टोके मोकळी करून खालच्या बाजूने उलटे पाणी सोडावे. टोक बंद ठेवून मोटार लावू नये. पाईपावर ४ किलो दाबाचा शिक्का असेल, तर तो साधारण ४० मीटर उंचीच्या पाण्याएवढाच दाब सोसतो. सांधे फुटतील.

५) थर धरला असेल तर तेवढा पाईप बदलावा. ठिबकला वापरतो ते ॲसिड गोठ्याच्या लाईनीत घालू नये. ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर तर कधीच एकत्र करू नये. त्यातून निघणारा वायू माणसाचाही जीव घेतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपले काही सभासद ठिबकच्याच लाईनीवरून गोठ्याला फाटा देतात. त्या फाट्यात युरियाचे पाणी उतरले तर जनावर काही तासांत दगावते. फाटा खताच्या टाकीच्या आधीच काढावा आणि खताचे पाणी मागे फिरू नये म्हणून मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. जमल्यास गोठ्याची लाईन वेगळीच ठेवावी.

लाईन सुरू झाल्यावर तहानलेल्या जनावराला एकदम पोटभर पाणी पाजू नये, थोडे थोडे द्यावे.

पुढे त्रास नको असेल तर सर्वांत सखल जागी धुण्याचा कॉक बसवून महिन्यातून एकदा सोडावा, पाईप मातीत पुरावा आणि हौदाला आतून नियमित चुना लावावा. पाच मिनिटांचे काम आहे, पण त्यावर दहा दिवसांचे बिल टिकते.