संशोधन-साहित्याची ओळख : कोरडवाहू शेतीच्या अभ्यासातून

कोरडवाहू ज्वारीचे उत्पन्न कसे वाढेल, या प्रश्नाचा सोलापुरातील विद्यार्थी शोध घेऊ लागला, की त्याच्यापुढे कागदांची रास जमते. प्रयोगांचे अहवाल, प्रबंध, ग्रंथ, आढावे आणि शेतकऱ्यांसाठी काढलेल्या पुस्तिका या राशीत एकत्र असतात. परंतु या सर्वांचे प्रयोजन एक नाही आणि अधिकारही सारखा नाही.

पहिला प्रकार मूळ साहित्याचा. प्रयोग करणाऱ्याने स्वतः केलेल्या नोंदी, संशोधनपर लेख आणि पदवीसाठी सादर केलेले प्रबंध यांत मोडतात. मुंबई इलाख्यात कोरडवाहू शेतीचे पद्धतशीर प्रयोग १९२३ साली पुण्याजवळ मांजरी येथे सुरू झाले. १९३३ पासून सोलापूर हे या कामाचे एक प्रमुख केंद्र बनले. अशा प्रयोगाचा एका वर्षाचा अहवाल त्या वर्षाच्या पावसाविषयी आणि त्या जमिनीविषयी बोलतो. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण भागात एका हंगामावरून नियम बांधणे धोक्याचे ठरते.

म्हणून दुसरा प्रकार महत्त्वाचा, तो आढाव्याचा. अनेक प्रयोग एकत्र ठेवून त्यांचा मेळ आणि विरोध तो दाखवितो. या प्रयोगांत प्रमुख वाटा असलेले एन. व्ही. कानिटकर यांचा भारतातील कोरडवाहू शेतीवरील ग्रंथ १९४४ साली प्रसिद्ध झाला. विखुरलेले अनुभव त्यामुळे एकत्र आले. बांधबंदिस्ती, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, शेणखत, विरळ पेरणी आणि वरचेवर कोळपणी ही पद्धत त्या काळच्या संशोधनातून सिद्ध झाली.

मात्र आढाव्याचाही पुन्हा आढावा घ्यावा लागतो. या पद्धतीने उत्पन्न सुमारे १५ ते २० टक्क्यांनी वाढे; पण मुळात हेक्टरी २०० ते ४०० किलो पिकणाऱ्या शेतात ही वाढ ३० ते ८० किलोच भरते. एवढ्यासाठी जादा कष्ट व खर्च करणे शेतकऱ्याला परवडले नाही, असे पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले. १९७० मध्ये अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाल्यावर सुधारित वाण, खते आणि पेरणीची योग्य वेळ यांवर भर आला.

आज आढाव्याचेही प्रकार पडले आहेत. वर्णनात्मक आढाव्यात लेखांची निवड लेखकाच्या मतावर असते. पद्धतशीर आढाव्यात शोधाचे व निवडीचे निकष आधीच ठरवून जाहीर केलेले असतात. अनेक प्रयोगांचे आकडे संख्याशास्त्राने एकत्र केले, तर त्यास मेटा-ॲनॅलिसिस म्हणतात.

तेव्हा कोणताही लेख हाती घेताना तीन प्रश्न विचारावेत : हे मूळ निरीक्षण आहे की संकलन? किती हंगामांचा आधार आहे? टक्केवारीमागील मूळ आकडा कोणता? ही सवय अंगी बाणली, तर छापील शब्द आणि शेतातील वास्तव यांतील अंतर कमी होईल.