नक्षी एकाच भिंतीला

प्रश्न : आमची न्हाणी पाच बाय सात फुटांची आहे. मूरिश नक्षीच्या टाइल्स लावल्या तर ती आणखी लहान दिसेल का?
– एक वाचक, झरी (जि. परभणी)

उत्तर : चारही भिंतींवर चढवल्यात तर नक्कीच दिसेल. नळामागची एकच भिंत नक्षीची ठेवा, बाकीच्या फिक्या. रंग दोनच घ्या. मूरिश नक्षीसाठी प्रसिद्ध असलेल्या, स्पेनमधल्या अल्हंब्रा राजवाड्याच्या कामाशी दूरचं नातं सांगणारं टाइलकाम बीदरला, महमूद गवानच्या मदरशावर (१४७२) पाहता येईल. बोअरचं पाणी जड असेल, तर गडद, चकचकीत टाइलवर पांढरे डाग लगेच उठतात. म्हणून फिकी, मॅट टाइल बरी. जमिनीला अँटी-स्किडच हवी. सांध्यांत इपॉक्सी ग्राउट भरा. चिकटवण्याआधी मिस्त्रीला नक्षी मधोमध धरून टाइल्स कोरड्याच मांडायला सांगा. म्हणजे एका कोपऱ्यात नक्षीतली अर्धी चांदणी, दुसऱ्यात पूर्ण, असं होणार नाही. एक पेटी जास्तीची आणा. पुढे तीच छटा मिळेलच असं नाही.