सोपाऱ्याचा स्तूप आणि उपकरणांची साक्ष

ऑक्टोबर 2016 मध्ये जेरुसलेम येथे, येशूची समाधी म्हणून पूजिल्या जाणाऱ्या जागेवरील संगमरवरी शिळा जीर्णोद्धारासाठी बाजूला सारण्यात आली. त्या वेळी तेथील उपकरणे विद्युत-चुंबकीय अडथळ्यांमुळे बिघडली, अशा बातम्या पसरल्या आणि अनेक भाविकांनी त्यांत चमत्कार पाहिला. उद्या अशीच वार्ता आपल्या नालासोपाऱ्याच्या स्तूपाविषयी, म्हणजे ‘बुरूड राजाच्या कोटा’विषयी आली, तर आपण काय विचारावे? श्रद्धास्थान आपले असले म्हणजे प्रश्न सौम्य करावेत, असे आम्हांस वाटत नाही. ‘एहिपस्सिको’, ये आणि पाहा, हे आवाहन आपल्यालाच आधी लागू आहे.

पहिला प्रश्न उपकरणाचा. लोलक टांगून ‘बोव्हिस’ एककांत जागेची ऊर्जा सांगणारे लोक असतात. भौतिकशास्त्रात असे एकक नाही. लोलक हलतो तो धरणाऱ्याच्या हाताच्या नकळत होणाऱ्या हालचालींनी. डोळे बांधले की त्याचा प्रभाव ओसरतो, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी 1833 मध्येच दाखवून दिले होते.

मोबाइलमधील चुंबकमापक मात्र खरे उपकरण आहे. आपल्या भागात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे 43 मायक्रोटेस्ला असते. स्तूपाजवळ आकडा त्याहून वेगळा आला, तर प्रथम लोखंडी कुंपण, जवळ उभी असलेली दुचाकी, विजेची तार आणि फोनचे स्वतःचे आवरणही तपासावे. येथील डोंगरांच्या काळ्या बेसॉल्ट दगडात चुंबकीय खनिजे असतात. भाजलेली वीटही भट्टीत थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाचा ठसा धारण करते. सोपाऱ्याचा स्तूप विटांचाच आहे. तेव्हा संवेदनशील यंत्राला तेथे काही फरक आढळला, तर त्यात अद्भुत काही नाही.

या शिस्तीचा धडा आपल्याला मुंबईतच मिळतो. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी दूषित होणार, हे ओळखून नानाभॉय मूस यांच्या कारकिर्दीत 1904 मध्ये हे काम अलिबागला नेले. तेथील इमारती चुंबकीय गुण नसलेल्या साहित्याने बांधल्या आणि सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आकड्यांचा नव्यांशी मेळ बसावा. याच कुलाब्याने 1859 च्या सप्टेंबरमध्ये सुमारे 1600 नॅनोटेस्लाची विलक्षण घसरण नोंदवली होती. ती कोणी फेकून दिली नाही. त्याच वेळी जगात इतरत्र तारयंत्रे बिघडली होती, आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसला होता आणि सूर्यावरील स्फोटाची नोंदही झाली होती. अचाट आकडा एकट्याने उभा राहत नाही. त्याला साक्षीदार लागतात.

आता स्तूपाकडे वळू. एप्रिल 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथे उत्खनन केले. मध्यभागी दगडी करंडक निघाला. त्यात तांब्याचा, त्याच्या आत चांदीचा, आणखी आत पाषाणाचा व स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा, असे एकात एक करंडक होते. सोन्याच्या करंडकात मातीच्या पात्राचे 13 बारीक तुकडे होते. सोबत यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे आणि सात बुद्ध व मैत्रेय यांच्या आठ मूर्तीही मिळाल्या. नाणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचे, तर मूर्ती शैलीवरून कितीतरी शतके नंतरच्या. म्हणजे निक्षेप नंतर केव्हातरी पुन्हा उघडला गेला असावा. हा विसंवाद लपवण्याचे आपल्याला कारण नाही. आमच्या दृष्टीने स्तूपाची खरी कथा तेथेच आहे. ती शतकानुशतके जपणाऱ्या हातांची आहे.

ते तुकडे भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे असावेत, असे पंडितजींनी मांडले. हा तर्क आहे, मोजमाप नव्हे. भाजलेली माती शेवटची केव्हा तापली, हे ठरवण्याची पद्धत आज उपलब्ध आहे. तिने तुकड्यांचे वय कळू शकेल. पात्र कोणाचे होते, ते कळणार नाही.