जुनी जनता घेताना

बाळा, मोबाइलवर एचएमटीचं जुनं घड्याळ, जनता, बघून ठेवलंस म्हणे. घे की, पण पैसे पाठवायच्या आधी माझं ऐक. आपल्याकडं एके काळी जावयाला सायकल, रेडिओ आणि घड्याळ द्यायचे. ते घड्याळ बहुतेक एचएमटीचंच असायचं. १९६१ ला बंगळुरात जपानच्या सिटिझनच्या मदतीनं ही घड्याळं सुरू झाली, आणि २०१६ ला सरकारनं एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं. आता जुन्यांना भाव आहे आणि तशी बनवून विकणारेही झालेत.

विकणारा तबकडीचाच फोटो टाकतो. तू मागचं झाकण उघडून मशीनचा फोटो माग. बहुतेक जनतांत ०२३१ नंबरचं, १७ ज्वेल्सचं चावीचं मशीन असतं. घड्याळ खरंच त्याच्याकडं आहे का हे कळायला काटे पावणेपाचवर लावून तबकडीचा फोटोही काढायला सांग. टाळाटाळ केली तर विषय तिथंच सोड.

तबकडीवर मात्र नीट वेळ घाल. फोटो मोठा करून अक्षरं बघ. कंपनीची छपाई बारीक, कडा स्वच्छ. पुन्हा रंगवलेलीवर अक्षरं जाडी, शाई फुटलेली, मिनिटाच्या रेघा कुठं तिरप्या, कुठं कडेबाहेर गेलेल्या. घड्याळाची केस घासून गुळगुळीत आणि तबकडी नवरीसारखी नटलेली असली, तर ती रंगवलेलीच समज. पिवळसर पडलेली, एखादा डाग असलेली तबकडी मला जास्त भरवशाची वाटते. काच, पट्टा, खुंटी बदललेली चालते. त्या झिजायच्याच वस्तू.

पार्सल फाट्यावर आलं की फोडताना सलग व्हिडिओ काढ. चावी हलक्या हातानं दे, अटकली की थांब. सेकंदकाटा दर सेकंदाला एकच उडी मारत असला तर आत सेलचं मशीन बसवलंय. जनताचा काटा सेकंदात पाच बारीक पावलं टाकत सरकतो. रात्री मोबाइलच्या वेळेला लावून दुसऱ्या रात्री बघ. मिनिटभर मागंपुढं झालं तर जुन्या घड्याळाला चालतं, दहा मिनिटांचा फरक पडला तर आत काम निघणार.

झाकण सुरीनं उचकटू नको. नांदेडला घड्याळजीकडं ने, आणि तो भिंग लावून उघडील तेव्हा शेजारी उभा राहा. माल परत करायची मुदत घेण्याआधीच बघून ठेव. नांदेडची फेरी त्या मुदतीच्या आत झाली पाहिजे.