नावाशिवाय ऑनलाइन गेम चालतो का?

यंदाच्या प्रकल्पासाठी आम्ही तिघांनी एक छोटा ऑनलाइन गेम करायचं ठरवलं. पहिल्याच बैठकीत मित्र म्हणाला, "अरे, आपल्याला ओळखतं कोण? नाव नसेल तर खेळणार कोण?" विषयच बदलूया, असंही निघालं. मला उत्तर सुचलं नाही. म्हणून या प्रश्नाचा थोडा अभ्यास केला, तो इथे मांडतो.

नाव काय देतं?

एकट्याने खेळायच्या गेमला एक खेळाडू पुरतो. अनेकांनी मिळून खेळायच्या गेमचं तसं नाही. आत गेल्यावर समोर कोणीच नसेल, तर आलेलाही परत जातो. म्हणून पहिल्या दिवसापासून गर्दी लागते आणि गाजलेलं नाव ती जमवतं. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' २००४ साली आला, तेव्हा 'वॉरक्राफ्ट' हे नाव दहा वर्षं जुनं होतं. हा फायदा नाकारून चालणार नाही.

नाव टिकवतं का?

'स्टार वॉर्स'पेक्षा मोठं नाव कुठलं? त्या नावाचा 'स्टार वॉर्स गॅलक्सीज' २००३ मध्ये सुरू झाला. २००५ मध्ये कंपनीने खेळाची पद्धतच बदलून टाकली. खेळाडूंनी मेहनतीने कमावलेली कौशल्यं आणि व्यवसाय एका फटक्यात गेले. जुने खेळाडू रागावून निघून गेले आणि २०११ मध्ये गेम बंद झाला. नाव शेवटपर्यंत तेच होतं.

त्याच २००३ मध्ये आइसलंडमधल्या एका कंपनीचा 'ईव्ह ऑनलाइन' आला. त्यामागे ना सिनेमा, ना जुना गेम. पण त्यातला बाजार, युती आणि लढाया खेळाडूच चालवतात. तो आजही चालू आहे.

आपल्या ओळखीचं उदाहरण म्हणजे 'अमंग अस'. एका अगदी लहान चमूने तो २०१८ मध्ये आणला. दोन वर्षं त्याच्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. २०२०च्या लॉकडाउनमध्ये गाजलेल्या स्ट्रीमरनी तो खेळून दाखवला आणि तो जगभर पसरला. मोबाइलवर फुकट, नियम दोन मिनिटांत कळणारे, आणि मजा सगळी एकमेकांवर संशय घेण्यात! आम्हीही घरी अडकलेले असताना रोज रात्री त्यातच भेटत होतो.

दुसरी बाजू

मात्र नाव नसलं की आपोआप यश मिळतं, असंही नाही. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' हा नव्या नावाचा गेम ऑगस्ट २०२४ मध्ये आला. किंमत ४० डॉलर, तर त्याच धाटणीचे नावाजलेले गेम फुकट. दोन आठवड्यांत तो बंद करून पैसे परत करावे लागले. अनोळखी दुकानाने दारातच तिकीट लावलं, तर गिऱ्हाईक शेजारी जाणारच.

मग आम्ही काय करायचं?

मला एवढं कळलं, की नाव माणसाला दारापर्यंत आणतं. आत बसवतात ती आतली माणसं. म्हणून आमचा गेम फुकट असेल, लिंक उघडताच सुरू होईल आणि चौघे जमले तरी रंगेल. आधी वसतिगृहातच खेळून बघू. पुढच्या शनिवारी न बोलावता तीच मुलं परत आली, तर आम्ही पास!

मित्राला हे अजून पुरतं पटलेलं नाही. पण विषय मात्र आम्ही बदललेला नाही.