खेळांच्या दुकानाचं दार आणि त्यामागची राखण

डिजिटल स्टोअरवर गेम विकायची मुभा कोणालाही असावी, की पारखून घेतलेलेच गेम ठेवावेत, हा आमच्या धंद्यातला जुना वाद आहे. मी पुण्यात बरीच वर्षं गेम टेस्टिंगचं काम करते. दोन मित्रांबरोबर फावल्या वेळात एक छोटा गेम केला आणि त्यापायी या वादाच्या दोन्ही टोकांची झळ सोसली. त्यातून जे उमगलं ते गेम विकत घेणाऱ्यांना, मुलांना घेऊन देणाऱ्या आईवडिलांना आणि पहिला गेम करायला बसलेल्या पोरापोरींना उपयोगी पडेल, म्हणून सांगते.

आमचा गेम बारवेवर बेतलेला होता. पायऱ्यांचे दगड सरकवायचे आणि पाण्यापर्यंत वाट काढायची. चित्रं आमच्यातल्या एकाने मराठवाड्यातल्या बारवा पाहून हाताने काढली होती. आधी तो पाठवला पारखून घेणाऱ्या एका स्टोअरकडे. बरेच दिवस काहीच कळलं नाही. मग एका ओळीचं उत्तर आलं: गेम आमच्या दर्जात बसत नाही. का बसत नाही? अक्षरं बारीक आहेत, जुन्या फोनवर अडकतो, की मध्येच बंद पडतो? काही खुलासा नाही. मी रोज बग लिहिते. कुठल्या फोनवर, कुठल्या पायरीला, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढं लिहिल्याशिवाय डेव्हलपर तो बग हातात घेत नाही. इथे तर आमची सगळी मेहनत एका ओळीत परत आली होती. काही महिन्यांनी गेमची तीच आवृत्ती, एक बटणही न बदलता, पुन्हा पाठवली आणि मंजूर झाली. म्हणजे दर्जाची फूटपट्टी तपासणाऱ्या माणसाबरोबर बदलत होती.

मधल्या काळात आम्ही तो उघड्या दाराच्या दुसऱ्या एका स्टोअरवर टाकला होता. तिथे कोणी काही विचारलं नाही, लगेच विक्रीला लागला. आणि थोड्याच दिवसांत शेजारी त्याची नक्कल उभी राहिली. नाव वेगळं, बारव तीच. त्यांनी लावलेला एक स्क्रीनशॉट मी मोठा करून पाहिला. वरच्या पट्टीत चार्जिंग सोळा टक्क्यांवर आलेलं आणि बाजूला आमच्या टेस्टिंगच्या फोनवर कायम दिसणारं अलार्मचं चिन्ह. आमच्याच पानावरचं चित्र उचलून, खालची मराठी अक्षरं पुसून त्यांनी ते लावलं होतं. नक्कल फुकट होती आणि दर पातळीनंतर जाहिरात दाखवत होती, म्हणून लोक तिकडेच जात होते.

या दोन अनुभवांनंतर मी या प्रश्नाकडे नीट पाहू लागले. दारावर पहारा का आला, ते आधी समजून घ्यायला हवं. १९८३ साली अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. कोणीही उठून गेमचं कार्ट्रिज काढत होतं, रद्दी मालाने दुकानं भरली होती आणि गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला होता. न खपलेली कार्ट्रिज अटारी कंपनीने न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरली. २०१४ मध्ये तिथे खोदकाम झालं तेव्हा ती खरोखरच सापडली. त्या पडझडीनंतर अमेरिकेत आपलं गेमचं यंत्र आणणाऱ्या निन्टेंडो कंपनीने त्यातच एक चिप बसवली. परवान्याशिवाय बनवलेलं कार्ट्रिज त्यावर चालू नये, हा तिचा उद्देश. शिवाय एका कंपनीने वर्षाला पाचच गेम काढायचे, असं बंधन घातलं. बाजार सावरला, हे खरं. पण कोण गेम करणार हे एका कंपनीच्या मर्जीवर गेलं. कोनामीने तर ही मर्यादा टाळायला अल्ट्रा गेम्स या दुसऱ्याच नावाने गेम काढले.

व्हॉल्व्ह कंपनीचं स्टीम हे स्टोअर २००३ मध्ये सुरू झालं. पहिली काही वर्षं तिथेही कंपनीची माणसं निवड करत. २०१२ मध्ये ग्रीनलाइट आलं आणि निवड गिऱ्हाइकांच्या मतांवर सोपवली गेली. लगेच मतांच्या बदल्यात गेमचे फुकट कोड वाटणारे निघाले. जून २०१७ मध्ये ग्रीनलाइट बंद करून स्टीम डायरेक्ट आणलं: दर गेममागे १०० डॉलर भरा, कागदपत्रं द्या आणि या. गेमने १००० डॉलरचा धंदा केला की ते पैसे परत. पुढच्या वर्षी व्हॉल्व्हने जाहीर करून टाकलं की बेकायदेशीर किंवा निव्वळ खोडसाळ गेम सोडून बाकी सगळं चालेल. २०२४ या एका वर्षात स्टीमवर १८ हजारांहून जास्त गेम आले. एवढे गेम कोणी माणूस खेळून पाहू शकत नाही. टेस्टर म्हणून सांगते, एक मध्यम आकाराचा गेम नीट तपासायला आमच्या अख्ख्या टीमला आठवडेच्या आठवडे लागतात.

उघड्या दाराचं देणं मोठं आहे, हे विसरून चालणार नाही. ‘अमंग अस’ २०१८ मध्ये आला तेव्हा त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. २०२० मध्ये घराघरांत पोहोचला. ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ दिसायला इतका साधा की कुठल्याही निवड समितीने पहिल्या नजरेत बाजूला ठेवला असता. २०२३ मध्ये त्याला सर्वोत्तम गेमचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आधी निन्टेंडोच्या स्विचवर आणि मग इतर स्टोअरवर गेला. छोट्या टीमला जगभरचं गिऱ्हाईक मिळू शकतं, हे त्यातून इथल्या पोरांना दिसलं. दार बंद असतं तर यातलं किती हरवलं असतं, याचा हिशेब कधीच मांडता आला नसता.

पहाऱ्याच्या दारातून काय काय आत येतं, तेही पाहा. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशनच्या तपासणीतून पार पडला. जुन्या प्लेस्टेशनवर तो इतका कोलमडत होता की आठवडाभरातच प्लेस्टेशनवाल्या सोनीने तो स्टोअरवरून काढला आणि पैसे परत केले. २०२२ च्या सुरुवातीला ‘अनपॅकिंग’ या ऑस्ट्रेलियन गेमची उघडउघड नक्कल ॲपलच्या ॲप स्टोअरवर, जिथे प्रत्येक ॲप तपासून घेतात तिथे, वरच्या क्रमांकावर जाऊन बसली होती. मूळ गेम तेव्हा फोनवर आलाही नव्हता. याच ॲपलने २०१४ मध्ये ‘पेपर्स, प्लीज’ या गंभीर गेममधल्या झडतीच्या दृश्यातली नग्नता अश्लील ठरवून अडवली होती आणि नंतर निर्णय फिरवला. २०२४ मध्ये ‘बलाट्रो’चं झालं ते मला सगळ्यात जास्त लागलं. पत्त्यांचा गेम, खरा पैसा कुठेच लावायचा नाही. तरी युरोपच्या पेगी संस्थेने जुगाराचं चित्रण म्हणून त्याला १८ वर्षांवरचा शिक्का मारला आणि काही देशांत तो काही स्टोअरवरून तात्पुरता गायबही झाला. वर्षभराने तो शिक्का १२ वर आणला गेला. पैसे मोजून आत काय निघेल ते न सांगता पाकिटं विकणारे फुटबॉलचे गेम मात्र लहान मुलांसाठीच्या शिक्क्यानिशी खपत होते.

माझं मत सांगते. आठवडी बाजारात कोणीही पाटी घेऊन बसू शकतं, पण वजनकाट्यावर वैधमापनाचा शिक्का लागतो आणि तो वेळोवेळी पुन्हा तपासून घ्यावा लागतो. स्टोअरनेही तसंच करावं. गेम चांगला की वाईट हे गिऱ्हाईक ठरवेल. तो चोरीचा आहे का, त्यात घातक कोड आहे का, जाहिरातीत दाखवलं ते आत आहे का, हे बघणं स्टोअरचं काम आहे. आणि ते एकदाच बघून भागत नाही. ‘ब्लॉकब्लास्टर्स’ हा गेम २०२५ च्या उन्हाळ्यात स्टीमवर आला तेव्हा स्वच्छ होता. महिन्याभराने आलेल्या अपडेटमधून त्यात पैसे चोरणारा कोड घुसवला गेला आणि कर्करोगाच्या उपचारासाठी लाइव्ह स्ट्रीमवर मदत गोळा करणाऱ्या एका तरुणाचे हजारो डॉलर गेले. दारावरची तपासणी कितीही कडक असती तरी हे तिथे सापडलं नसतं. विक्रीतला ३० टक्के वाटा घेणाऱ्या स्टोअरने त्यातला काही भाग राखणीवर खर्च करावा, ही मागणी मुळीच जास्तीची नाही.

आता विकत घेणाऱ्यांसाठी. ट्रेलरवर विसंबू नका. अनोळखी माणसाने तो गेम सलग खेळल्याचा व्हिडिओ शोधा. ‘द डे बिफोर’ची ट्रेलर पाहून लाखो लोक वाट बघत होते, डिसेंबर २०२३ मध्ये गेम आला आणि चार दिवसांत कंपनीच बंद झाली. रिव्ह्यू वाचताना अलीकडचे आधी वाचा आणि लिहिणाऱ्याने किती तास खेळलाय ते बघा. डेव्हलपरच्या नावावर क्लिक करून त्याचे आधीचे गेम पाहा. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर रिफंड मिळतो. म्हणून सवलतीत घेऊन गेम महिनोन्‌महिने तसाच पडू देऊ नका. आल्या आल्या तासभर खेळून घ्या. टेलिग्राम किंवा डिस्कॉर्डवर कोणी आपणहून ‘हा नवा गेम टाक, पैसे मिळतील’ म्हणालं तर तिथेच थांबा. फेब्रुवारी २०२५ मधला ‘पायरेटफाय’ हा घातक कोड असलेला गेम असाच पसरवला गेला होता, आणि तो उतरवून घेतलेल्यांना व्हॉल्व्हने अख्खी विंडोज पुन्हा टाकण्याचा विचार करायला सांगितलं होतं. मुलांच्या गेमच्या कॉम्प्युटरवर बँकेचे पासवर्ड साठवू नका. फोनवर खरेदीला पिन लावा, आणि तो पिन मुलांना सांगू नका.

आणि गेम करणाऱ्यांसाठी, कारण माझा जीव जास्त तिथे अडकलाय. चित्रांच्या मूळ फायली, लेयरसकट, तारखांसकट, दोन ठिकाणी जपा. नकलेविरुद्धची आमची तक्रार टिकली ती त्यांच्या आणि त्या स्क्रीनशॉटच्या जोरावर. दगड सरकवण्याची कल्पना आमची आहे, असं म्हटलं असतं तर कोणी ऐकलं नसतं. खेळाच्या नियमांवर कॉपीराइट मिळत नाही. चित्रं, कोड, संगीत, मजकूर यांवर मिळतो. २०१४ मध्ये ‘थ्रीज’ या गेमच्या कल्पनेवरून आलेला फुकटचा ‘२०४८’ जगभर पसरला आणि मूळ गेम करणाऱ्यांना हात चोळत बसावं लागलं. आपल्या कायद्यात निर्मिती होताच कॉपीराइट लागू होतो. नोंदणी सक्तीची नाही, पण पुरावा म्हणून फार कामी येते, तेव्हा करून टाका. गेम पुरा व्हायच्या आधीच स्टोअरवर त्याचं पान उघडा, म्हणजे आधी कोण होतं ते तारखेनिशी दिसेल. नाकारणारं पत्र आलं तर कुठल्या नियमाच्या कुठल्या कलमाखाली नाकारलं ते लेखी विचारा, आणि अपील करा. गप्प बसणाऱ्याचा अर्ज पुन्हा कोणी उघडत नाही. आमच्या गेमची नक्कल तक्रारीनंतर उतरली. थोड्या दिवसांनी दुसऱ्या नावाने पुन्हा आली आणि पुन्हा उतरवावी लागली. ती शोधून आम्हाला कळवणारे दोन्ही वेळा खेळणारेच होते.

म्हणून एक मागणं आहे. एखाद्या छोट्या टीमचा गेम आवडला तर चार ओळींचा रिव्ह्यू लिहा, आणि त्याची नक्कल दिसली तर ‘रिपोर्ट’ दाबून मूळ टीमला एक मेल टाका.